परवान्याचे दिवस मोजायचे कोणी?

आमच्या घराण्याचे कुलदैवत नार्व्याचा श्रीसप्तकोटेश्वर. घराणे बडोद्यास येऊन पाच पिढ्या लोटल्या, तरी दोन-तीन वर्षांतून एकदा डिचोली तालुक्यातील त्या लहानशा देवळाची पायरी चढल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. श्रीशिवछत्रपतींनी १६६८ साली ज्याचा जीर्णोद्धार केला ते हे देऊळ. दर्शन आटोपले की डिचोलीस एका आप्तांकडे जेवण आणि पेडण्यास दुसऱ्या आप्तांकडे मुक्काम, हा आमचा ठरलेला क्रम आहे.

गेल्या खेपेस पेडण्याच्या त्या घरी सोप्यावर बसलो असता भिंतीवरच्या एका जुन्या दिनदर्शिकेकडे लक्ष गेले. वर्ष होते २०२०. एवढी वर्षे लोटली तरी ती उतरवली नव्हती. मार्चच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत प्रत्येक तारखेवर तांबड्या पेन्सिलीची फुली होती आणि त्यापुढची पाने कोरी होती. घरातील वडीलधारे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, "थोरल्या नातवाच्या परवान्याचे दिवस मोजत होतो. जुलैत संपले. मग मोजायला काही उरले नाही."

त्या फुल्यांनी हा लेख लिहावयास लावला. महामारीच्या दोन वर्षांत परदेशी शिकणाऱ्या व शिकून उठलेल्या मुलांचे जे झाले, त्याची चर्चा आपल्याकडे झाली ती बहुधा विमानाच्या तिकिटांपुरती. पण खरा प्रश्न तिकिटाचा नव्हता. पदवीनंतर त्या देशात नोकरी करण्याचा जो मुदतबंद परवाना मिळतो, त्याचे दिवस मोजायचे कोणी आणि कोणत्या न्यायाने, हा तो प्रश्न होता. बडोद्यातील आपल्या जुन्या मराठी घरांतूनही कोणाचा नातू टोरांटोस, कोणाची भाची लंडनास, असे चित्र आता नवे राहिलेले नाही. म्हणून पेडण्याच्या सोप्यावरची ही कथा आपलीही आहे.

प्रथम हा परवाना म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. कॅनडात किमान आठ महिन्यांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर काम करण्याचा परवाना मागता येतो. अभ्यासक्रम दोन वर्षांहून कमी असेल तर जेवढा अभ्यासक्रम तेवढा परवाना, आणि दोन वर्षांचा किंवा अधिक असेल तर तीन वर्षांचा, असा त्या काळी नियम होता. हा परवाना जन्मात एकदाच मिळतो. ब्रिटनने अशी सोय २०१२ साली बंद केली होती. ती २०१९ मध्ये पुन्हा जाहीर केली आणि १ जुलै २०२१ पासून अमलात आणली. त्यानुसार पदवीधरास दोन वर्षे आणि पीएच. डी. झालेल्यास तीन वर्षे मिळू लागली. अमेरिकेत पदवीनंतर बारा महिने कामाची मुभा असते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांना त्यावर आणखी चोवीस महिने मिळतात. मात्र पहिल्या मुदतीत एकूण नव्वद दिवसांहून अधिक काळ बेकार राहता येत नाही.

कागदावर ही सवलत दिसते. परंतु घरच्या जमाखर्चात ती सवलत नसते, कर्जफेडीची ती एकमेव आशा असते. आपल्या बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांच्या वरच्या रकमेस तारण लागते आणि अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने हप्ते सुरू होतात. हप्ते रुपयांत भरावयाचे, पण शुल्क डॉलरांत किंवा पौंडांत गेलेले असते. गोव्यातल्या पगारावर ते हप्ते फिटण्यासारखे नसतात. त्यामुळे घर किंवा बागायत तारण ठेवताना बाप मनात जो हिशेब करतो, त्यात परवान्याचे वर्ष-दोन वर्ष हेच जमेचे कलम असते. ते कलम खोडले गेले तर सारी वही बुडते.

आता आबांच्या घरातील गोष्ट. नावे सांगण्याचे कारण नाही. थोरला नातू एका वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करून जुलै २०१९ मध्ये कॅनडात नोकरीस लागला. अभ्यासक्रम एक वर्षाचा, म्हणून परवानाही एकच वर्षाचा. त्यातले आठ महिने गेले असता बापाच्या शस्त्रक्रियेसाठी तो मार्च २०२० च्या मध्यास पंधरा दिवसांच्या रजेवर घरी आला. २३ मार्चपासून भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली. ती पूर्ववत सुरू होण्यास २७ मार्च २०२२ उजाडावा लागला. मधल्या काळात खास विमाने सुटत होती हे खरे. पण मे महिन्यात त्याचा मालकच धंद्यातून उठला, आणि ज्याला नोकरीच उरली नाही त्याला आवश्यक कामासाठी प्रवास करीत असल्याचे पत्र देणार कोण? जुलैत परवाना संपला. बडोद्यातील एका सल्लागाराकडे आम्हीच चौकशी केली होती. "आपोआप वाढेल, काळजी नको," असे त्याने छातीठोकपणे सांगितले. आम्हीही ते भाबडेपणाने पेडण्यास कळवले. त्याची खंत आजही आहे.

पुढे जानेवारी २०२१ मध्ये कॅनडाच्या सरकारने खरोखरच सवलत जाहीर केली. ज्यांचे परवाने ३० जानेवारी २०२० नंतर संपले किंवा संपत आले होते, त्यांना अठरा महिन्यांचा नवा परवाना मागण्याची मुभा मिळाली. अर्जाची मुदत २७ जानेवारी ते २७ जुलै होती. बातमी वाचून घरात आनंद झाला. पण त्या नियमात एक ओळ होती, ती अशी की अर्जदार अर्ज करतेवेळी कॅनडात असला पाहिजे. मुलगा पेडण्यास होता. तो तेथे नव्हता याचे कारण विमाने नव्हती, आणि विमाने नव्हती याचे कारण महामारी होती. त्याच महामारीसाठी दिलेली सवलत मात्र त्याच्यासाठी नव्हती.

धाकट्या नातवाचे नशीब निराळे. त्याला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला होता आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे वर्ग पेडण्याच्या त्याच सोप्यावर संगणकापुढे सुरू झाले. एरवी कॅनडाबाहेर बसून दूरशिक्षणाने केलेला अभ्यास परवान्यातून वजा होई. पण सरकारने टप्प्याटप्प्याने तो नियम सैल केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर असे ठरले की सारा अभ्यास मायदेशी बसून केला तरी तो धरला जाईल. ही मुभा प्रथम २०२१ च्या डिसेंबरअखेरपर्यंत होती, ती पुढे ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत वाढली. २२ एप्रिल २०२१ पासून कॅनडाने भारतातून येणारी थेट विमाने पाच महिने बंद ठेवली. तिसऱ्या देशात उतरून, तेथे तपासणी करून पुढे जाण्याची वाट होती, पण तिचा खर्च या घरास झेपणारा नव्हता. मुलगा थांबला. सप्टेंबरअखेर विमाने सुरू झाल्यावर गेला. त्याचा एकही दिवस वाया गेला नाही आणि पुढे त्यास पुरा तीन वर्षांचा परवाना मिळाला.

एकाच घरातील दोन भाऊ, एकाच कारणाने एकाच सोप्यावर अडकलेले. धाकट्याचे तेथे बसलेले दिवस सरकारने जमेस धरले आणि थोरल्याचे खर्ची टाकले. धाकट्याने काही विशेष केले नव्हते, थोरल्यानेही काही अपराध केला नव्हता.

या घराला तिसरेही एक मूल आहे, ते म्हणजे या दोघांचा मामेभाऊ. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या पुढील पिढ्यांना लिस्बनच्या दप्तरी जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, हे आपणांस ठाऊक असेलच. मामाच्या घरी ती नोंद झाली होती. तो मुलगा पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनमध्ये गेला. ब्रिटनचा युरोपीय संघाशी असलेला संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, त्यापूर्वीच तो तेथे होता. त्याने ३० जून २०२१ च्या मुदतीत वास्तव्याचा अर्ज केला आणि पदवीनंतरच्या परवान्याचा प्रश्नच त्याच्यापुढे उभा राहिला नाही. आबांनी मात्र आपल्या घरी लिस्बनची नोंद करू दिली नव्हती. त्यांचे वडील मुक्तिलढ्यात पोर्तुगिजांच्या तुरुंगात होते. "ज्यांचा तुरुंग भोगला त्यांच्या वहीत नाव कशाला?" हा त्यांचा सवाल. तो सवाल चूक होता असे म्हणण्याची आमची प्राज्ञा नाही. पण आबा स्वतः मात्र थोरल्याचे वर्ष आपल्या हट्टापायी गेले असे मनाशी धरून बसले आहेत. एका आजोबाने नोंद केली आणि दुसऱ्याने केली नाही, एवढ्यावर नातवांच्या परवान्याचे भवितव्य ठरावे, ही काही आनंदाची गोष्ट नव्हे.

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले महाल. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीज अमलाखाली गेले, तरी घरातील पोथी, कीर्तन आणि जमाखर्चाची वही मराठीच राहिली. परवाना हा शब्द या घरांना नवा नाही. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा सावंतवाडीच्या बाजूस जाण्यासही परवाना लागे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या हद्दीवर सत्याग्रही गोळीबारात पडले, ते ठिकाण पेडणे तालुक्यातलेच. आबा त्या वेळी शाळकरी होते. शाळेसाठी हद्दीपलीकडे ठेवलेल्या त्यांच्या थोरल्या भावाला सुट्टीत घरी येता आले नव्हते. आज मोप्याचा विमानतळ त्यांच्याच तालुक्यात आहे. जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडतात आणि सोप्यावर बसल्या बसल्या त्यांचा आवाज येतो. दार घराजवळ आले, पण परवाना दूरच राहिला, असे आबा हसत म्हणतात.

डिचोलीच्या घरची कथा ब्रिटनची आहे. यजमानांचे खनिज वाहणारे तीन ट्रक होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मार्च २०१८ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली तालुक्यातील कित्येक अंगणांतून ट्रक उभेच्या उभे गंजले. यांनी दोन विकले, तिसरा अजून अंगणात आहे. शेजारच्या मये गावी तर आणखी निराळी अडचण. तेथील बरीचशी जमीन परागंदा मालकांची म्हणून वर्षानुवर्षे सरकारी दप्तरात अडकून राहिली. जो पिढ्यान्पिढ्या कसतो त्याला ती बँकेत तारण ठेवता येईना. या यजमानांची बागायत सुदैवाने स्वतःच्या नावावर होती. ती तारण ठेवून मुलीला एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास घातले.

तिचे वर्ग २०२० च्या शरदात सुरू झाले ते घरीच. घरात इंटरनेटचे संकेत नीट येत नसत, म्हणून ती देवळाच्या अग्रशाळेच्या पडवीत जाऊन बसे. विलायतेतील दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, तेव्हा तिचे वर्ग दिवेलागणीनंतर चालत आणि आई कंदील घेऊन सोबतीस बसे. ब्रिटिश सरकारचा नियम असा की हे घरबसले शिक्षण नव्या परवान्यास चालेल, पण विद्यार्थ्याने ठरलेल्या तारखेच्या आत ब्रिटनमध्ये पाऊल ठेवले पाहिजे. ती तारीख आधी ६ एप्रिल २०२१ होती, मग २१ जून झाली आणि अखेर २७ सप्टेंबर ठरली. इकडे २३ एप्रिल रोजी भारताचे नाव तांबड्या यादीत गेले. त्या यादीतल्या देशातून जाणाऱ्याला दहा दिवस सरकारने ठरवलेल्या हॉटेलात राहणे भाग होते, आणि त्याचे १,७५० पौंड स्वतः भरावे लागत. ८ ऑगस्टला भारत त्या यादीतून निघाला. म्हणजे ज्या घराजवळ त्या हॉटेलाचे पैसे नव्हते त्याच्या हाती उरले अवघे पन्नास दिवस. त्या पन्नास दिवसांत तिकीट मिळवून ती गेली, वेळेत पोहोचली आणि तिला परवाना मिळाला. श्रीसप्तकोटेश्वराच्या कृपेने झाले असे तिची आई म्हणते. आम्हीही देवाला हात जोडले. तथापि ज्या मुलीला त्या पन्नास दिवसांत ताप आला असेल, तिचे काय झाले असेल, हा विचार मनातून जात नाही.

येथे एक आक्षेप आम्हांस ऐकू येतो, आणि तो क्षुल्लक नाही. "दुसऱ्याचा देश आहे. तेथील लोकांच्याच नोकऱ्या गेल्या होत्या. पाहुण्याला वाढायचे की घरच्याला, हे त्यांनी ठरवावे. आपण मागणारे कोण?" ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी एप्रिल २०२० मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना व पाहुण्यांना, स्वतःचा भार सोसत नसेल तर घरी परता, असे सांगितले होते. त्या देशाने २० मार्च २०२० ला सीमा मिटली, ती विद्यार्थ्यांना १५ डिसेंबर २०२१ ला उघडली. अमेरिकेतही ६ जुलै २०२० रोजी हुकूम निघाला की ज्यांचे सर्व वर्ग संगणकावर आहेत अशा परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा. हार्वर्ड व एम. आय. टी. न्यायालयात गेल्या आणि १४ जुलैला सरकारने हुकूम मागे घेतला. बेकारीच्या नव्वद दिवसांची अट मात्र तेथे उठली नाही. फक्त आठवड्यास वीस तासांहून कमी काम केले तरी ते काम धरले जाईल, एवढी ढील मिळाली.

आक्षेपास आमचे उत्तर असे आहे. उद्या कोणाला आत घ्यावे, हे ठरवण्याचा प्रत्येक देशाचा अधिकार निर्विवाद आहे. नव्या विद्यार्थ्याला परवाना देऊ नका, मुदत कमी करा, शाखा ठरवा, त्याला आमची हरकत नाही. परंतु ज्याच्याकडून काल पुरे शुल्क घेतले आणि घेताना एक वर्ष कामाचे आश्वासन दिले, त्याचा व्यवहार निराळा. हा पाहुणचार नव्हे, हा करार आहे. कराराचा एक पक्ष पूर्ण झाल्यावर दुसऱ्या पक्षाने "दिवस संपले" म्हणणे, आणि तेही दार आपणच लावून घेतलेले असताना म्हणणे, हे आपल्या गावच्या पंचांनीही मान्य केले नसते.

दिवस थांबवता येत नाहीत, काळ कोणासाठी थांबत नाही, असेही कोणी म्हणेल. आकाशातील काळ थांबत नाही हे खरे, पण सरकारी काळ थांबवता येतो आणि त्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. टाळेबंदीच्या तोंडावर, २३ मार्च २०२० रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन आदेश दिला की दावे व अपिले दाखल करण्याच्या मुदती १५ मार्चपासून पुढे चालणार नाहीत. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अंतिम आदेश झाला, त्यात १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सारा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला. ज्या दिवसांत माणसाला कचेरीचे दार ठोठावता येत नव्हते, ते दिवस त्याच्या विरुद्ध मोजू नयेत, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते. ऑस्ट्रेलियालाही हे तत्त्व अखेर पटले. सीमा बंद असता बाहेर अडकलेल्या पदवीधरांसाठी १ जुलै २०२२ पासून बुडालेल्या परवान्याऐवजी दुसरा परवाना देण्याची सोय त्या देशाने केली. ज्या सरकारने आरंभी घरी जा म्हटले, त्यानेच बाहेर राहिलेल्यांचे दिवस परत केले. कॅनडाने, ज्याची उदारता तीन वर्षे तीन वेळा दिसली, ती २०२१ च्या सवलतीत आपल्या हद्दीतल्यांनाच दिली. पहिल्याच सवलतीत हद्दीबाहेर अडकलेल्यांसाठी एक ओळ जास्त घातली असती तर पेडण्याची ती दिनदर्शिका भिंतीवरून कधीच उतरली असती.

बडोदेकरांना तर या विषयावर बोलण्याचा विशेष अधिकार आहे, आणि विशेष जबाबदारीही. परदेशी शिक्षण आणि त्यानंतरची चाकरी यांचा करार आपल्या संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी लिहिला होता. १९१३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणास दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. अट ही की परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची सेवा करावी. न्यूयॉर्कहून ते लंडनास गेले. मुदत संपली तेव्हा जगात पहिले महायुद्ध चालू होते आणि अभ्यास अपुरा होता. १९१७ साली त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडाली आणि पुस्तके समुद्रात गेली. पण लंडन विद्यापीठाने एक शहाणपण केले होते. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालवण्याची लेखी मुभा त्यांना दिली होती. विद्यापीठाने त्यांचे घड्याळ थांबवून ठेवले. १९२० साली ते पुन्हा लंडनास गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डी. एस्‌सी. ही पदवी मिळाली. युद्धाने अडवलेले दिवस त्यांच्या विरुद्ध मोजले गेले असते तर ती पदवी झाली नसती.

याच कथेचा दुसरा भाग बडोद्यास भूषणावह नाही, पण तो सांगितलाच पाहिजे. करारानुसार ते १९१७ मध्ये येथे नोकरीवर रुजू झाले. पदवी होती, पद होते, राजाचा शब्द होता. पण अस्पृश्य म्हणून या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले तेथूनही त्यांना बाहेर काढले गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. परवाना म्हणजे नुसता कागद नव्हे, हे या शहराइतके कोणास ठाऊक असणार? कागद देणाऱ्याने छप्परही पाहावे लागते. महामारीत टोरांटो किंवा लंडनातल्या एखाद्या तळघरातील खोलीत नोकरीवाचून बसलेल्या मुलाला परवाना होता, पण भाड्याला पैसे नव्हते, तेव्हा त्याची अवस्था काय असेल हे आपण या कथेवरून ताडावे.

गोव्याशीही महाराजांचे असे एक देणे आहे. सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींना त्यांनी दरमहा ५० रुपये दिले, ते बडोद्यातच राहण्याच्या अटीवाचून. महाराष्ट्रात कोठेही राहून त्यांनी बौद्ध ग्रंथांचे काम करावे एवढेच म्हटले. पुढे कोसंबी हार्वर्डपर्यंत गेले. माणूस कोठे बसला आहे हे न पाहता तो काय करतो आहे हे पाहणारी ती दृष्टी होती. धाकट्या नातवाचे पेडण्यातील दिवस कॅनडाने जमेस धरले ते याच दृष्टीने, आणि थोरल्याचे दिवस बुडाले ते ही दृष्टी सुटल्यामुळे.

मग आता करावे काय? दुसऱ्या देशांचे कायदे आपण लिहू शकत नाही, परंतु आपल्या हाती जे आहे ते थोडे नाही. आपले सरकार इतर देशांशी शिक्षण व स्थलांतराविषयी करार करते. त्यांत एक कलम असावे, ते असे की कोणत्याही एका पक्षाच्या सरकारी आदेशाने प्रवास बंद झाला तर तेवढे दिवस परवान्यातून वजा न होता पुढे जोडले जावेत. दुसरे, बँकांचे. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट सहा महिने हप्त्यांस सवड दिली, पण व्याज चालूच राहिले. अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने हप्ता, हा नियम परवाना हाती पडेल या गृहीतावर उभा आहे. परवाना सरकारी बंदीमुळे बुडाला असेल तर हप्ताही तितका पुढे जावा. तिसरे, गोवा सरकारजवळ अनिवासी गोमंतकीयांसाठी कार्यालय आहे. त्याने परदेशी शिकणाऱ्यांची तालुकावार नोंद ठेवावी आणि पेडणे, डिचोलीसारख्या ठिकाणी नियमांची खरी माहिती मराठी-कोकणीत द्यावी. आमच्यासारख्याने बडोद्याच्या सल्लागाराला विचारून पेडण्यास कळवावे, ही पाळी येऊ नये.

आणि चौथे, आपल्या घरांचे. नियम आजही बदलत आहेत. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ पासून या परवान्यास भाषेची परीक्षा लावली आणि अनेक अभ्यासक्रमांना शाखेची अट घातली. ब्रिटनने २०२५ मध्ये ठरवले की १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन वर्षांऐवजी दीड वर्षच मिळेल. तेव्हा बागायत तारण ठेवण्यापूर्वी विद्यापीठाचा क्रमांक विचारता, तसेच हेही विचारा, की परवाना किती दिवसांचा, तो कोणत्या तारखेपासून मोजतात, अर्ज करताना मूल कोठे असावे लागते, आणि मधे घरी यावे लागले तर त्या दिवसांचे काय? आपल्या मुलीच्या लग्नाची तिथी काढताना आपण पंचांगाच्या चार ओळी अधिक वाचतो. येथे तर साऱ्या घराचे दिवस पणास लागलेले असतात.

थोरल्या नातवाने नंतर म्हापशास नोकरी धरली. कर्जाचे हप्ते घरातील तिघे मिळून भरतात. गावात काही दिवस कुजबुज झाली की मुलगा परत आला, म्हणजे काहीतरी बिनसले असावे. आजारी बापाला पाहण्यास आलेल्या मुलाच्या माथी हा डाग कशासाठी? तो परत आला नाही, त्याला परत जाऊ दिले नाही. हा फरक जगाच्या कचेऱ्यांना कळावयाचा तेव्हा कळो, निदान आपल्या ओसऱ्यांवर तो आजच कळण्यास हरकत नाही.

निघताना आम्ही आबांना म्हटले, "आता ती दिनदर्शिका उतरवा." ते म्हणाले, "धाकट्याचा परवाना संपेपर्यंत राहू दे. त्याला नवे वास्तव्याचे कागद मिळाले की दोन्ही एकदम उतरवू." तेव्हा लक्षात आले की शेजारच्या खिळ्यावर चालू वर्षाचीही एक होती, आणि तिच्यावर तांबड्या पेन्सिलीने फुल्या सुरू झाल्या होत्या.